वारा वाजतो की झाड?



आजचा विषय एका इंग्रजी शब्दापासून सुरू होतो. शब्द आहे ‘सिथुरिझम’. झाडाच्या पानांतून वारा जाताना जो आवाज होतो, त्याचे हे नाव. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मूळ ग्रीक असल्यामुळे लिहिताना त्याच्या आरंभी एक मुका ‘प’ येतो, तो उच्चारात गळतो. सुंदर आणि दुर्मिळ शब्दांच्या ज्या याद्या अधूनमधून छापल्या जातात त्यांत हा शब्द आवर्जून असतो, आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ सैल करून ‘वाऱ्याचा आवाज’ असा दिलेला असतो. मला जे सांगायचे आहे ते या सैलपणाच्या विरोधात आहे. माझे म्हणणे असे की वाऱ्याला स्वतःचा असा आवाज नसतोच. वाऱ्याचा म्हणून आपण जो ऐकतो, तो वाऱ्याच्या वाटेत उभ्या असलेल्या वस्तूचा आवाज असतो. ‘सिथुरिझम’ हा शब्द मोलाचा आहे तो त्याच्या नादामुळे नव्हे, तर त्याने झाडाला धरून ठेवले आहे म्हणून. हे मान्य केले की त्यातून काही गंभीर गोष्टी निघतात. वारा तसाच वाहत राहून एखाद्या गावातला वाऱ्याचा आवाज कायमचा नाहीसा होऊ शकतो, ही त्यांतली एक.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ कुजबुजणे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला कवी थिओक्रिटस याच्या पहिल्या गोपगीताचा आरंभच झऱ्याकाठच्या पाइन वृक्षाच्या कुजबुजीने होतो, आणि तिथे याच कुळातला शब्द आहे. पण ग्रीकमध्ये तो काही केवळ गोड शब्द नव्हता. नव्या करारात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दुर्गुणांची जी यादी येते तीत हाच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ पाठीमागे केलेली चहाडी असा आहे. म्हणजे शब्द मुळात माणसांचा. झाडाला तो नंतर लावला. यावर एक आक्षेप लगेच येतो. झाड कुजबुजते म्हणणे हा कवीचा आरोप आहे, माणसाचा गुण झाडावर लादणे आहे, मग अशा शब्दाला नेमका कसे म्हणायचे? हा आक्षेप कुजबूज म्हणजे काय ते न पाहता घेतलेला आहे. आपण मोठ्याने बोलतो तेव्हा स्वरतंतू नियमित थरथरतात आणि आवाजाला ठरावीक पट्टी येते. कुजबुजताना ते थरथरत नाहीत. श्वास अरुंद फटीतून आणि जीभ, टाळू, दात यांच्या कडांवरून खळबळत जातो आणि त्या खळबळीचाच आवाज होतो. त्याला पट्टी नसते, म्हणून कुजबुजत गाता येत नाही. पानांच्या आवाजालाही पट्टी नसते. लहानमोठ्या असंख्य कंपनांची ती सरमिसळ असते, आणि तीही कडांवरून खळबळत जाणाऱ्या हवेतून निर्माण होते. तेव्हा थिओक्रिटसने झाडावर आरोप केला असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे घडते ते एकच, आणि त्याच्या कानाने ते ओळखले होते.

अशा शब्दांत ‘स’ का इतका येतो, याचेही उत्तर इथेच सापडते. ग्रीक शब्दात तो आहे, लॅटिनमधल्या ‘सुसुरुस’ मध्ये आहे, स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये वाऱ्याच्या सुस्काऱ्याला जो जुना शब्द आहे त्यात आहे, आपल्या ‘सळसळ’, ‘सरसर’ आणि ‘सोसाटा’ यांत आहे. ‘स’ उच्चारताना जिभेच्या पन्हळीतून निघालेला हवेचा झोत पुढच्या दातांवर आदळतो, आणि त्या आदळण्यातून तो आवाज येतो. दात पडलेल्या माणसाचा ‘स’ बिघडतो तो याच कारणाने: वारा तोच, अडसर गेला. सगळेच शब्द असे नाहीत, हे कबूल केले पाहिजे. ‘मर्मर’ मध्ये ‘स’ नाही, आणि त्यालाही पानांचा आवाज म्हणून आपल्याकडे हजार वर्षांहून अधिक काळाची मान्यता आहे. पण ज्या शब्दांत ‘स’ आहे, ते आवाजाची नक्कल करून थांबत नाहीत. ते उच्चारताना तोंडात तोच आवाज त्याच रीतीने घडतो.

आता पुराव्याकडे येतो. १८७८ साली विन्सेंझ श्ट्रोहाल या भौतिकशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका फिरत्या सांगाड्यावर त्याने तार उभी ताणली, सांगाडा वेगाने फिरवला आणि तारेतून निघणारा सूर मोजला. इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या: खोलीत वारा नव्हता. हवा स्तब्ध होती, तार हवेतून जात होती, आणि तारांच्या खांबाखाली उभे राहिल्यावर ऐकू येतो तसाच सूर निघत होता. वेताची छडी हवेत सपकन फिरवली की ती वाजते, ती गोष्ट त्याने मापात बसवली. तार किती लांब आहे आणि किती ताणलेली आहे याचा त्या सुराच्या उंचीशी संबंध नाही, असे त्याला आढळले. सूर ठरतो दोनच गोष्टींनी: हवेचा आणि तारेचा सापेक्ष वेग आणि तारेची जाडी. वेगाला जाडीने भागा, त्याला साधारण एक पंचमांशाने गुणा, की दर सेकंदाची कंपने मिळतात. चार मिलिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा असेल तर कंपने सुमारे ५००. तार हीच ठेवून वेग निम्मा करा, सूर एक सप्तक खाली येतो. या सुराचे कारण घर्षण असावे, वारा तारेवर गजासारखा घासला जात असावा, अशी श्ट्रोहालची समजूत होती. पुढच्याच वर्षी लॉर्ड रॅले याने दाखवले की तार वाऱ्याच्या दिशेत हलत नाही, वाऱ्याला आडवी हलते. तेव्हा गजाची कल्पना बाद झाली. कारण नीट उलगडले ते थिओडोर फॉन कार्मान याच्या १९११-१२ च्या कामानंतर. तारेच्या मागे हवेचे भोवरे सुटतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आळीपाळीने. तो आळीपाळीचा झटका म्हणजे सूर.

तारेच्या जागी झाड ठेवा. सागरकिनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जे हिरवे दोरे लोंबतात ती पाने नव्हेत; त्या बारीक काड्या आहेत, आणि खरी पाने त्यांच्या पेऱ्यांवर बारीक खवल्यांसारखी चिकटलेली असतात. काडीची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. सेकंदाला पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात एक मिलिमीटर काडीमागे सेकंदाला भोवऱ्यांच्या सुमारे हजार जोड्या सुटतात. काड्या सगळ्या सारख्या जाडीच्या नसतात आणि वाराही प्रत्येकीला सारखा लागत नाही, म्हणून एक सूर न ऐकू येता लांबलचक सुस्कारा ऐकू येतो. पिंपळाचे अगदी वेगळे. त्याच्या पानाचा देठ लांब आणि सडपातळ, पान रुंद आणि टणक. किंचित झुळूक आली तरी पान देठावर डोलते आणि शेजारच्या पानावर आपटते. त्यामुळे पिंपळाच्या आवाजात टाळ्यांसारखी तुटक टकटक असते, ती सुरूत नाही. माडाच्या झावळ्या एकमेकींवर खरडतात. शिशिराच्या अखेरीला सागाची वाळलेली पाने कातड्यासारखी वाजतात, आणि पाने झडून गेली की तोच साग त्याच वाऱ्यात जवळजवळ मुका होतो. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. हम्फ्रीज याने १९२० च्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट समजावून दिली आहे. एका पानाची, एका झाडाची आणि अख्ख्या अरण्याची पट्टी साधारण एकच असते. संख्या वाढली की आवाज मोठा होतो, खालचा होत नाही. अरण्याचा जो घनगंभीर गजर आपण म्हणतो तो कोट्यवधी चिमुकल्या भोवऱ्यांची बेरीज असते.

जे लोक झाडांजवळ राहिले त्यांना हे माप न घेताही माहीत होते. टॉमस हार्डीची १८७२ ची ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही कादंबरी अंधाऱ्या रानवाटेवर सुरू होते, आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात हार्डी सांगतो की रानात राहणाऱ्यांना जवळजवळ प्रत्येक जातीचे झाड आवाजावरून ओळखता येते. फर, हॉली, ॲश, बीच यांना तो वेगवेगळी क्रियापदे देतो, आणि हिवाळ्यात पाने झडल्यावर सूर बदलतो पण ओळख पुसली जात नाही हेही नोंदवतो. डिसेंबर १८७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा पर्वतात जॉन म्यूर वादळ ऐकण्यासाठी एका उंच स्प्रूसच्या शेंड्यावर चढून बसला होता. त्याच्या वर्णनातही स्प्रूस, फर, पाइन आणि निष्पर्ण ओक यांचे आवाज वेगवेगळे ऐकू आल्याचे येते. डोंगर एक, वादळ एक, आवाज मात्र झाडागणिक निराळा. वाऱ्याला स्वतःचा आवाज असता तर असे झाले नसते.

यावर दोन वजनदार आक्षेप आहेत. पहिला शास्त्राचा: मोकळी हवासुद्धा खळबळली तर आवाज करते, जेट विमानाच्या मागचा झोत कुठल्याही वस्तूला न लागता गर्जतो. हे खरे आहे. १९५२ साली जेम्स लाइटहिल याने त्याचे गणित मांडले, आणि त्याच गणितात आक्षेपाचे उत्तरही आहे. मोकळ्या झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घातात वाढते, आणि वाटेत घन वस्तू असेल तर, १९५५ च्या कर्लच्या कामानुसार, सहाव्या घातात. जेटच्या वेगाला हा फरक फारसा जाणवत नाही. पण नेहमीचा वारा ध्वनीच्या वेगाच्या तिसाव्या भागाइतकासुद्धा जेमतेम असतो. त्या वेगाला मोकळ्या हवेचा आवाज वस्तूच्या आवाजापुढे हजारपटींच्या घरात क्षीण पडतो. दुसरा आक्षेप अनुभवाचा: माळरानावर, वाळवंटात, जिथे झाड ना खांब, तिथेही कानात वारा घोंघावतोच. घोंघावतो, कारण तिथे अडसर आपण आहोत. कानाची पाळी, गाल, टोपीची कड यांच्याभोवती भोवरे सुटतात. ध्वनिमुद्रण करणारे लोक मायक्रोफोनवर स्पंजाची किंवा लवदार टोपी चढवतात. ती वारा थांबवत नाही, मायक्रोफोनच्या कडेशी होणारी खळबळ दूर ढकलते. टोपी चढवली की ‘वाऱ्याचा आवाज’ जातो आणि वाऱ्याने हलणाऱ्या झाडांचा आवाज राहतो.

तिसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो. वस्तूच वाजते म्हटले तर वाऱ्याचे श्रेय कुठे गेले? एकाच पिंपळाचा आवाज पहाटे एक आणि वळवाच्या आधी दुसरा का? इथे माझ्या म्हणण्याला मर्यादा घालून घेतली पाहिजे, आणि ती श्ट्रोहालच्या सूत्रातच आहे: वेग वर, जाडी खाली. आवाजाची जात वस्तू ठरवते, चढउतार वारा ठरवतो. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे बोफर्ट मापनश्रेणी. फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ च्या सुमारास ती जहाजांसाठी आखली. १९०६ मध्ये जॉर्ज सिम्प्सनने जमिनीवरच्या खुणा जोडल्या. दोन क्रमांकाच्या वाऱ्याची, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटरची, एक खूण पाने सळसळणे ही आहे. सहा क्रमांकाची, ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची, खूण तारायंत्राच्या तारांची शीळ ऐकू येणे ही. वाऱ्याचा जोर आवाजावरून सांगता येतो, पण प्रत्येक वेळी सांगावे लागते की कशाच्या आवाजावरून. इंग्रजी काव्याने मात्र एका काळात सगळे श्रेय वाऱ्याला देऊन टाकले. अथानासियस किर्खरने १६५० च्या ग्रंथात वर्णिलेली वायुवीणा अठराव्या शतकात युरोपातल्या घरांच्या खिडक्यांत येऊन बसली, आणि १७९५ मध्ये कोलरिजने तिच्यावर कविता लिहिली तेव्हा वारा म्हणजे विश्वात्मा आणि वीणा म्हणजे त्याच्या स्पर्शाची वाट पाहणारी निमूट वस्तू असे चित्र रूढ झाले. पण त्या वीणेच्या तारा मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या घेऊन एकाच स्वरात लावतात, आणि म्हणूनच एकाच झुळकीत तिच्यातून निरनिराळे स्वर उमटतात. वीणा निमूट नाही. काय वाजायचे ते तिने आधीच ठरवून ठेवलेले असते.

आपल्याकडे हे भान कोशात उतरलेले आहे. अमरकोशात ‘मर्मर’ हा वस्त्रांचा आणि पानांचा आवाज, आणि त्याला लागूनच दागिन्यांच्या आवाजाचे नाव वेगळे. पिंपळाच्या नावांत ‘चलदल’ आहे, हलत्या पानांचा. आणि वेळूच्या नावांत ‘कीचक’ वेगळा काढलेला आहे: वाऱ्याने जे वाजतात ते वेळू कीचक. कालिदासाने मेघदूतात, रघुवंशात आणि कुमारसंभवात हे कीचक वाजवले आहेत. कुमारसंभवात तर गुहांच्या तोंडातून निघालेला वारा त्यांच्या छिद्रांत भरतो आणि किन्नरांच्या गाण्याला साथ होते. इथली यंत्रणा पानापेक्षा वेगळी आहे. छिद्राच्या कडेवर हवा फुटते आणि आतल्या पोकळीची लांबी सूर धरून ठेवते, त्यामुळे वारा थोडा वाढला तरी सूर हटत नाही. कोशकाराने वारा तोच असून नाव वेळूला दिले, हे मला महत्त्वाचे वाटते. मराठी बोलण्यात तर क्रियापदाचा कर्ताच ही गोष्ट सांगतो. पाने सळसळतात, झेंडा फडफडतो, वेळू करकरतो, पत्रा थडथडतो: वाजणारी वस्तू जवळ असते, दिसत असते, तेव्हा कर्ता तीच. वारा घोंघावतो, वारा भणाणतो असे आपण म्हणतो ते वळचण, कौले, फांद्या, डोंगरकडे सगळे एकदम वाजत असतात आणि एकेकाची ओळख लागत नाही तेव्हा. म्हणजे ‘वाऱ्याचा आवाज’ हे नाव आपण कर्ता ओळखता आला नाही तिथे वापरतो. मराठीत ‘सिथुरिझम’ आणण्याची गरज मला वाटत नाही. पानांसाठी ‘सळसळ’ पुरेशी नेमकी आहे. इंग्रजीत मात्र तो वापरणाऱ्यांनी तारेला, फटीला, धुराड्याला लावू नये. झाडाविना तो शब्द रिकामा आहे.

कुणी म्हणेल, ही नावे काटेकोर असली काय आणि सैल असली काय, व्यवहारात काय फरक पडतो? अभियंत्यांना विचारा. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या मंद, एकसारख्या वाऱ्यात अशाच भोवऱ्यांनी थरथरतात, आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीने धातू थकून तारेचे पदर तुटतात. कॅलिफोर्नियात जॉर्ज स्टॉकब्रिज याने १९२० च्या दशकात त्यावर तोड काढली: तारेला टोकाशी लहानशी दोन वजने लटकवली. महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या कुठल्याही मोठ्या वाहिनीवर, मनोऱ्याजवळ, मुद्गलासारखी ती जोडवजने दिसतात. उंच पोलादी धुराड्यांच्या शेंड्याभोवती सर्पिल पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्या भोवऱ्यांची आळीपाळी मोडतात. दोन्हीकडे वारा होता तसाच राहिला, वस्तू बदलली, आणि थरथर संपली.

जे तारेला लागू आहे ते झाडालाही आहे, फक्त उलट दिशेने. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचे संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. ही दुरुस्ती चांगली आहे, तिच्यामागे कळकळ आहे. पण रस्तारुंदीत ऐंशी वर्षांचा पिंपळ गेला आणि दुसरीकडे ऐंशी रोपे लागली तर हिशेब सावलीचा आणि लाकडाचा जुळतो, आवाजाचा जुळत नाही. विशेषतः रोपे भलत्याच जातीची असतील तर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नको असलेला आवाज किती चालेल हे तिथे लिहिले आहे. हवा असलेला आवाज कोणता, याला जागाच नाही. पानांची सळसळ वीस डेसिबलच्या आसपासची, म्हणजे नियमाच्या मर्यादेत राहिलेली वाहतूकसुद्धा तिला सहज गिळते. अन्न, पाणी, घर यांच्यापुढे ही चैन आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एका आवाजासाठी रुग्णालयाचा रस्ता अडवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण जे जाणार आहे त्याची नोंद तरी हवी, आणि नोंद घेणे अशक्य नाही. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये लोकांकडून सुचवण्या मागवून देशभरातले शंभर जपण्याजोगे ध्वनिपरिसर निवडले. आपल्या शहरांत वृक्षगणना होतच असते. झाडाची जात, घेर, उंची, जागा लिहिली जाते. पानाची जात कळली की आवाजाची जात बरीचशी कळते. राहतो तो एकच रकाना: झाड एकटे आहे की रांगेत, राईत. तो रकाना महत्त्वाचा आहे, कारण संख्येने पट्टी बदलत नाही पण आवाज वाढतो. एका जागी दहा पिंपळ असतील तर त्यांची सळसळ एका पिंपळापेक्षा दहा डेसिबलने मोठी भरते. तेच दहा पिंपळ भरपाई म्हणून दहा वेगवेगळ्या भूखंडांवर लावले, तर कागदावर दहाच राहतात आणि उभ्या माणसाला ऐकू येतो तो एक.